उंबऱ्यातील गंज

जुन्या वस्तूंच्या जीर्णोद्धाराविषयी दोन टोकांचे पंथ सर्वत्र आढळतात. एकास वस्तू नवीकोरी झालेली हवी असते. दुसऱ्यास तिच्यावरील प्रत्येक ओरखडा पूज्य वाटतो. देवळे आणि वाडे यांच्यासंबंधी हा वाद जुनाच आहे. १९८०च्या दशकातील वेगवान छोट्या मोटारींसंबंधी तो त्या मानाने नवा. परंतु आमच्या मते तो तेथे अधिक नेमकेपणाने सोडवता येतो, कारण तेथे चुकीच्या उत्तराची किंमत कुणाला तरी जिवानिशी मोजावी लागू शकते.

उदाहरणादाखल प्यूजो २०५ जीटीआय घेऊ. २०५ ही साधी कौटुंबिक गाडी १९८३ साली फ्रान्समध्ये अवतरली आणि १९९८ पर्यंत ५० लाखांहून अधिक संख्येने तयार झाली. १९८४ मध्ये तिचे जीटीआय हे रूप आले: १५८० घनसेंमीचे, १०५ अश्वशक्तीचे इंजिन आणि वजन अवघे साडेआठशे किलोंच्या आसपास. पुढे १९०५ घनसेंमी आणि १३० अश्वशक्तीचे भावंडही आले. आपल्याकडे आली ती तिची नातलग ३०९. ती १९९०च्या दशकात कल्याणच्या कारखान्यात तयार होत असे आणि तिचे दरवाजे मुळात २०५ चेच होते. जीटीआय मात्र वाढली आणि म्हातारी झाली ती युरोपात. ब्रिटनमध्ये हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात; त्या मिठाच्या पाण्यात तिने अनेक वर्षे काढली.

गंजाविषयी काव्यात्म बोलण्याची एक फॅशन आहे. काळाने वस्तूवर केलेली सही, असे त्याचे वर्णन होते. वस्तुस्थिती इतकी रम्य नाही. लोखंडाचा पाणी आणि प्राणवायू यांच्याशी संयोग होऊन गंज बनतो, आणि मीठ ही क्रिया वेगाने पुढे नेते. तयार झालेला गंज मूळ धातूपेक्षा अधिक जागा व्यापतो. म्हणून रंगाखाली फोड दिसू लागतात. अॅल्युमिनियमवरील पापुद्रा खालच्या धातूचे रक्षण करतो. लोखंडाचा गंज सच्छिद्र असल्याने ओल आत जात राहते आणि खालचा पत्रा झिजत राहतो. वर फोड दिसतो तेव्हा आतला पत्रा बहुधा कधीच गेलेला असतो.

या पिढीच्या मोटारींना वेगळा सांगाडा नसतो. पत्र्याची काया हाच सांगाडा. दरवाजांखालून जाणारा पोकळ पत्र्याचा उंबरा केवळ शोभेचा नव्हे. घराची तुळई जे काम करते ते तो करतो. तो आतून खाल्ला गेला असता वरून पुट्टी भरून, घासून, रंग मारून दिला, तर गाडी सुंदर दिसेल आणि धडकेच्या क्षणी दुमडेल. ओरखडे पूजणाऱ्या पंथाने तोच उंबरा ‘मूळचा’ म्हणून जपला, तरी परिणाम तोच. दोन्ही पंथ येथे एकाच ठिकाणी चुकतात: पत्रा काय पेलतो हा प्रश्न त्यांनी विचारलेलाच नसतो.

ब्रिटनमधील वार्षिक वाहन तपासणी हा प्रश्न विचारते. आसनपट्टे, सस्पेन्शन, स्टिअरिंग अशा गोष्टी जेथे बसवलेल्या असतात त्या जागांपासून ३० सेंमीच्या आत पत्र्याची ताकद घटवणारा गंज आढळला, तर गाडी नापास होते. तेथे पुट्टी चालत नाही. नवा पत्रा वेल्डिंगनेच बसवावा लागतो. मात्र २०१८ पासून, ४० वर्षांहून जुन्या आणि मोठे फेरबदल न केलेल्या गाड्यांना ही तपासणी सक्तीची राहिलेली नाही. १९८४ सालच्या जीटीआय २०२४ पासून या सवलतीत येऊ लागल्या. म्हणजे पत्रा सर्वांत थकलेला असतानाच कायद्याने नजर वळवली, आणि सारी जबाबदारी मालकाच्या सचोटीवर येऊन पडली. सवलत मिळाली तरी दर वर्षी गाडी स्वखुशीने तपासणीस न्यावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

या गाडीचा लौकिकही तेच सांगतो. ती वळणांवर वाऱ्यासारखी धावते; परंतु वळणात मध्येच अॅक्सिलरेटरवरचा पाय उचलला की मागचा भाग बाहेर सरकू लागतो. रसिक याच गुणासाठी तिच्यावर जीव टाकतात. त्या मागच्या भागाचा आस एका आडव्या नळीत सुईसारख्या बारीक रोलरांच्या बेअरिंगवर फिरतो. नळीत पाणी शिरले की बेअरिंगे गंजतात, आस खरवडला जातो आणि मागची चाके वरच्या बाजूने आत झुकतात. प्रदर्शनात मेण लावून उभ्या केलेल्या गाडीत हा दोष कुणी पाहत नाही. ज्या खर्चात बॉनेटला आरशासारखी चकाकी येते, त्यातला काही भाग त्या नळीवर करावा, असा आमचा आग्रह आहे.

मग जुने काय राखावे? जे भार पेलत नाही ते सारे. जीटीआयच्या आत लाल कार्पेट असे. आज ते विटून विटकरी झालेले असते. चालकाच्या टाचेखाली तर झिजून दोरे निघालेले. कार्पेट उचलल्यावाचून तळाचा पत्रा तपासता येत नाही, म्हणून ते उचलावेच. सडलेला भाग कापावा, नवा जोडावा, पोकळ्यांत गंजरोधक मेण फवारावे. आणि मग तेच विटके कार्पेट पुन्हा अंथरावे. आसनाचा उसवलेला काठ शिवावा, आसन बदलू नये. उन्हाने पांढुरके झालेले बंपरचे प्लास्टिक तसेच राहू द्यावे. त्यामुळे कुणी मरत नाही, आणि ती गाडी कुणी, किती चालवली हे त्यावरून कळते.

आणि केलेल्या कामाची नोंद ठेवावी. वास्तुजतनासाठी १९६४ साली व्हेनिसमध्ये तयार झालेल्या सनदेत, नव्याने घातलेला भाग एकूण रूपाशी सुसंगत असावा पण मूळ भागापासून ओळखू यावा, असे तत्त्व आहे. मोटारीत रंगाखालचा जोड डोळ्यांना दिसणार नाही. तेथे छायाचित्रे आणि वही हेच काम करतील. जुन्या जीटीआयना आता चांगली किंमत येते, त्यामुळे झाकण्याचा मोह वाढला आहे. कोणता पत्रा कुठे कापला हे पुढील मालकास न सांगता विकलेली चकचकीत गाडी आम्हांस त्या विटक्या कार्पेटाच्या गाडीहून कितीतरी हलकी वाटते.

शेवटी, ती चालवावी. पावसात नेली तर घरी आल्यावर खालून धुवावी, पाणी निचरण्याची भोके मोकळी आहेत ना ते पाहावे. उंबऱ्यात ओल साठू न देणे हे दर पावसाळ्याचे काम आहे. एकदा मोठा खर्च करून त्यातून सुटका होत नाही.