हरिकुलेश, हर्क्युलिस आणि कल्याणचे बंदर

'हर्क्युलिस म्हणजे मूळचा आपला हरिकुलेश' हा संदेश कल्याण-डोंबिवलीच्या सोसायट्यांच्या गटांवरही मोठ्या अभिमानाने पुढे ढकलला जातो. कल्पना मात्र जुनी आहे. राजस्थानचा इतिहास लिहिणाऱ्या कर्नल जेम्स टॉडने ती एकोणिसाव्या शतकातच मांडली होती. म्हणजे स्वाभिमानाचा हा दागिना साहेबाच्याच पेटीतला!

व्युत्पत्ती इंग्रजी उच्चारावरून ठरत नसते. 'हर्क्युलिस' हे लॅटिनमधून आलेले रूप. मूळ ग्रीक नाव 'हेराक्लेस'. हेरा ही देवी आणि 'क्लेओस' म्हणजे कीर्ती. ज्या 'कुल' शब्दावर हा सारा डोलारा उभा आहे, त्यातला उकार ग्रीकमध्ये नाहीच. मेगॅस्थेनिसने शूरसेनांच्या देवाला हेराक्लेस म्हटले, हा पुरावा हमखास पुढे केला जातो. परंतु परक्या देवाला आपल्या देवाच्या नावाने ओळखणे ही ग्रीकांची रीतच होती. त्यावरून शब्दाचे मूळ सिद्ध होत नाही.

खरे नाते त्याच नावात दडले आहे, आणि ते कुणी सांगत नाही. ग्रीक 'क्लेओस' आणि वैदिक 'श्रवस्' ही सख्खी भावंडे. अर्थही एकच, कीर्ती. 'झ्यूस' आणि 'द्यौस्' यांचेही तेच. येथे कुणी कुणाची चोरी केलेली नाही, दोघांचा पूर्वज एक आहे.

उसनवारीही झाली, पण दोन्ही दिशांनी. पॅन देवापासून पळताना बोरू झालेली वनदेवता सिरिंक्स. तिच्या नावाचा अर्थ बासरी, नळी. त्यावरून इंग्रजीत 'सिरिंज' आली. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातली 'सुरुंगा', म्हणजेच आपला सुरुंग, हाही त्याच शब्दाचा वंशज असल्याचे अनेक अभ्यासक मानतात. उलट मिऱ्याचे 'पेपर' हे इंग्रजी नाव आपल्या पिप्पलीपासून ग्रीकमार्गे गेलेले.

अशा देवघेवीचा पुरावा शोधायला कल्याणकराला दूर जावे लागत नाही. पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात त्याचे गाव 'कल्लिएना' म्हणून नोंदलेले आहे. तेथील व्यापारावर पुढे निर्बंध आले आणि चुकून आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात, हेही त्यात लिहिले आहे. कान्हेरीच्या लेखांत कल्याणच्या दात्यांची नावे कोरलेली आहेत. कार्ल्याच्या चैत्यगृहात तर धेनुकाकटच्या एका यवनाने स्तंभ दान दिला, आणि त्यावर आपले नाव कोरवून घेतले ते प्राकृतात: सिहधय, म्हणजे सिंहध्वज.