किताबानंतरचा मल्ल

मुरुडच्या बाजारात चार जुनी माणसे एकत्र बसली आणि विषय कुस्तीकडे वळला, की गाडी हमखास 1977 सालच्या बेळगावला येऊन थांबते. हरिश्चंद्र बिराजदारांनी सतपालला तिथे कसे हरवले, हे ऐकता ऐकता आम्ही लहानाचे मोठे झालो. सांगणाऱ्यांपैकी एकानेही ती कुस्ती डोळ्यांनी पाहिलेली नसावी; पण डाव लागल्याचा क्षण येताच प्रत्येकाचे हात आपोआप वर जातात. मग गोष्ट संपते. ‘पुढे काय झाले?’ असे विचारले तर उत्तर येते : ‘पुढे काय, वस्ताद झाले.’

या ‘पुढे काय’ला आमची हरकत आहे. आमच्या मते बिराजदारांची खरी कारकीर्द तिथूनच सुरू होते.

रामलिंग मुदगड हे निलंगा तालुक्यातले गाव. तिथला हा मुलगा कोल्हापूरच्या गंगावेस तालमीत घडला आणि 1969 साली लातूरच्याच आखाड्यात ‘महाराष्ट्र केसरी’ झाला. लातूर जिल्हा तेव्हा जन्मालाही आला नव्हता. तो 1982 मध्ये उस्मानाबादेतून वेगळा झाला. म्हणजे जिल्ह्याला स्वतःचे नाव मिळण्याआधी त्याला मल्ल मिळाला होता. पुढे ‘रुस्तुम-ए-हिंद’ हा किताब आला, सतपालवरचा विजय आला. एवढ्यावर कोणाही मल्लाला उरलेले आयुष्य फेटे बांधून घेत आणि फडांची उद्‌घाटने करीत सुखाने काढता आले असते.

बिराजदारांनी पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत मुले घडवायला घेतली. वस्तादकी म्हणजे काय, हे ज्यांनी दुरून पाहिले त्यांना ती केवळ मानाची जागा वाटते. प्रत्यक्षात ती पहाटेची नोकरी आहे. हौद्यातली माती उकरणे, तिच्यात तेल, ताक, हळद मुरवणे, जोर-बैठका मोजून घेणे, कोणाचा खुराक घरून आला नाही ते न विचारता ओळखणे, आणि सर्वांत अवघड म्हणजे जोड ठरवणे. पोराला त्याच्या ताकदीबाहेरची कुस्ती लवकर दिली तर तो मोडतो. फार उशिरा दिली तर तो सुस्तावतो. हा निर्णय रोज घ्यावा लागतो, आणि तो बरोबर ठरला तर टाळ्या पोराला मिळतात.

फुटबॉलच्या जगात या दुसऱ्या कारकिर्दीचा वेगळा हिशेब ठेवण्याची रीत आहे. स्कॉटलंडचा अ‍ॅलेक्स फर्ग्युसन 1974 मध्ये खेळ थांबवून ईस्ट स्टर्लिंगशायर या अगदी छोट्या क्लबाचा व्यवस्थापक झाला. मँचेस्टर युनायटेडपर्यंत पोचायला त्याला 1986 उजाडले. मधल्या धुळीच्या वर्षांची कहाणी तिथे अभिमानाने सांगितली जाते. आपल्याकडे मात्र खेळाडूचे चरित्र शेवटच्या विजयापाशी मिटवले जाते आणि ‘नंतर त्यांनी अनेक शिष्य घडवले’ या एका वाक्यात तीस वर्षे गुंडाळली जातात.

ते वाक्य उलगडून पाहावे. बिराजदार मामांचे शिष्य काका पवार हेही लातूर जिल्ह्याचेच. त्यांना 1998 सालचा अर्जुन पुरस्कार मिळाला तो ग्रीको-रोमन कुस्तीसाठी, म्हणजे जिच्यात कमरेखाली पकड करता येत नाही अशा प्रकारासाठी. मातीतल्या मल्लाने, जिथे पट काढणे हा अर्धा खेळ असतो, असा शिष्य घडवावा यात वस्तादाची ओळख पटते. स्वतःची नक्कल काढणारा गुरू लहान असतो. दुसरे शिष्य बीड जिल्ह्यातले राहुल आवारे. त्यांनी 2018 मध्ये गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले आणि ते मामांना अर्पण केले. 2019 मध्ये जागतिक स्पर्धेत कांस्यपदक मिळवले. मामा मात्र सप्टेंबर 2011 मध्येच गेले होते. त्यांच्या पश्चात राहुल काका पवारांकडे आले. गुरू गेला तरी तालीम बंद पडली नाही, ती गुरुबंधूच्या हाती गेली.

पुढची पायरी जानेवारी 2020 मध्ये पुण्यात दिसली. ‘महाराष्ट्र केसरी’च्या अंतिम लढतीत नाशिकचा हर्षवर्धन सदगीर आणि लातूरचा शैलेश शेळके समोरासमोर आले, दोघेही काका पवारांचे पठ्ठे. हर्षवर्धन 3-2 असा जिंकला आणि त्याने शैलेशला खांद्यावर उचलून घेतले. त्या दिवशी कोणीही हरले असते तरी किताब एकाच तालमीत जाणार होता. लातूरच्या आखाड्यातील 1969 चा विजय अर्धशतकानंतर असा फळाला आला, आणि तो बेळगावच्या एका दिवसापेक्षा मोठा आहे, असे आम्हांस वाटते.

यावर कोणी म्हणेल, शिष्यांचे यश गुरूच्या खात्यात का मांडावे? घाम तर त्यांनीच गाळला. हे खरेच आहे, आणि वस्तादही तसेच म्हणेल. पण 2006 साली बिराजदारांना जो ध्यानचंद पुरस्कार मिळाला, तो खेळातील कामगिरीइतकाच निवृत्तीनंतरच्या सेवेचाही होता. सरकारी कागदाला जे दिसले, ते आमच्या बाजारगप्पांना अजून दिसू नये?

आणि येथे आमच्या मनातला सल सांगितलाच पाहिजे. या कथेतली बहुतेक माणसे मराठवाड्याची आहेत, तालमी मात्र कोल्हापूरच्या आणि पुण्याच्या. मुलगा आम्ही द्यायचा, माती दुसऱ्याची. मॅट, खुराक, स्पर्धा, सरावाला तोडीचे जोडीदार ही सारी सोय जिथे आहे तिथे पोरे जाणारच. त्यांना दोष नाही, तिथल्या वस्तादांना तर नाहीच. पण आम्ही वस्तादकीला ‘पुढे काय’ म्हणत राहिलो, तर गावी परतून वस्ताद व्हावे असे कोणत्या मल्लाला वाटेल? जत्रेच्या फडात आम्ही विजेत्यावर नोटा उधळतो. त्याला तयार करणारा माणूस गर्दीत कुठे उभा होता, हे कोणी विचारत नाही.

मुरुडहून पुण्याला जाणाऱ्या गाडीत उद्याही एखादा पोरगा लंगोट आणि तुपाचा डबा घेऊन बसेल. तो जिंकला तर आम्ही हलगी वाजवूच. तोपर्यंत एवढेच करावे : पुढच्या वेळी कोणी बेळगावची गोष्ट सांगायला घेतली, तर तिला तिथे संपू देऊ नये.