बाणकोटची किंमत : परक्या मदतीने राखलेला किनारा

#धागा

१/
हरिहरेश्वराजवळ सावित्री नदी समुद्राला मिळते. बागमांडल्याच्या जेटीवर उभे राहिले की खाडीपलीकडे बाणकोटचा किल्ला दिसतो. फेरीबोटीची वाट पाहणारे पर्यटक त्याचे छायाचित्र घेतात आणि पुढे निघून जातात. किनाऱ्याच्या रक्षणासाठी परक्याची मदत घेतली तर तिची किंमत काय पडते, या प्रश्नाचे उत्तर त्या टेकडीवर पावणेतीनशे वर्षांपासून उभे आहे.

२/
हा प्रश्न केवळ इतिहासाचा नाही. १८ ऑगस्ट २०२२ रोजी याच हरिहरेश्वरच्या किनाऱ्याला एक बेवारस नौका लागली. तिच्यात तीन एके-४७ रायफली व काडतुसे सापडली. दहीहंडी दुसऱ्या दिवशी होती, गणेशोत्सव तोंडावर आला होता. राज्यभर नाकाबंदी झाली. सायंकाळपर्यंत उलगडा झाला : नौका एका ऑस्ट्रेलियन महिलेच्या मालकीची, मस्कतहून युरोपला निघालेली. २६ जूनला तिचे इंजिन बंद पडले, खलाशांना कोरियाच्या युद्धनौकेने वाचवून ओमानच्या हवाली केले, आणि रिकामी नौका वाहत कोकणात आली.

३/
२६ जून ते १८ ऑगस्ट म्हणजे ५३ दिवस. या काळात शस्त्रे घेतलेली एक नौका अरबी समुद्रात निर्नायक तरंगत होती. तिचे खलाशी कोणी वाचवले, कोणाला सोपवले, हे दोन परकीय देशांच्या दफ्तरी होते. श्रीवर्धन तालुक्याच्या वाळूत ती रुतली तेव्हा किनाऱ्यावरच्या माणसांना त्यातले काहीही ठाऊक नव्हते. त्या दिवशी घातपात झाला नाही, हे रायगडचे सुदैव. सुदैवाला बंदोबस्त म्हणता येत नाही.

४/
अशा प्रत्येक घटनेनंतर एकच सूर लागतो : परदेशी तंत्रज्ञान आणा, परदेशी प्रशिक्षक बोलवा, अमक्या देशाशी करार करा. त्याच्या उलट दुसरा सूर : परक्याचा वाराही नको. इतिहासाच्या कसोटीला हे दोन्ही सूर उतरत नाहीत. मदत परकी आहे की स्वकीय, हा प्रश्न दुय्यम. हुकूम कोणाचा चालणार, विद्या कोणाकडे उरणार आणि हिशेब कोणाला द्यायचा, हे तीन प्रश्न खरे. या किनाऱ्यावरची प्रकरणे याच तीन प्रश्नांवर तपासावीत.

५/
पहिले प्रकरण १६५९ चे. कल्याण-भिवंडीच्या खाडीत शिवाजी महाराजांनी लढाऊ जहाजांची बांधणी आरंभली. त्या कामावर रुय लैतांव व्हियेगस हा पोर्तुगीज कारागीर आपल्या माणसांसह चाकरीस होता. ही जहाजे आज सिद्दीवर चालतील, उद्या आपल्यावर, हे वसईच्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी ओळखले. त्यांनी कारागिरांना फितवले आणि ही मंडळी काम टाकून निघून गेली. परकी मदत कोणाच्या शब्दावर चालते आणि कोणाच्या शब्दावर थांबते, याचा हा पहिला धडा.

६/
पण प्रकरण तिथे संपले नाही. कारागीर गेले, तरी आरमार थांबले नाही. कोळी, भंडारी व दर्यावर्दी मुसलमान यांच्या बळावर ते वाढले. मायनाक भंडारी, दौलतखान, दर्यासारंग ही नावे त्याच आरमाराची. १६६४ मध्ये सिंधुदुर्गाची पायाभरणी झाली, १६६५ मध्ये महाराजांनी समुद्रमार्गे बसरूरवर स्वारी केली. परक्याला चाकरीस ठेवले होते, हुकूम स्वतःचा होता आणि हात स्थानिकांचे होते. म्हणून परका गेला तेव्हा काम अडले, पण बुडाले नाही.

७/
कान्होजी आंग्र्यांच्या चाकरीतही युरोपी गोलंदाज होते. त्यावरून कान्होजी परावलंबी होते असे कोणी म्हणत नाही. पगार आंग्रे देत, म्हणून तोफेचे तोंड कोणाकडे वळवायचे हेही आंग्रेच ठरवीत. मदत घेण्याची ही रीत आणि पुढे नानासाहेब पेशव्यांनी पत्करलेली रीत यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. एकीत परका चाकर होतो. दुसरीत तो भागीदार म्हणून येतो आणि धनी होऊन बसतो.

८/
दुसरे प्रकरण १७५५ चे. तुळाजी आंग्रे पेशव्यांना जुमानत नव्हता. तो निर्दोष होता असे नाही, त्याच्या उपद्रवाने कोकण त्रासले होते. पण घरातला हा तंटा मोडण्यासाठी पेशव्यांनी मुंबईकर इंग्रजांशी करार केला. त्या कराराचे पहिलेच कलम वाचण्यासारखे आहे : या मोहिमेत सारे आरमार इंग्रजांच्या देखरेखीखाली चालावे. मदतीचा मोबदला म्हणून बाणकोटचा हिंमतगड, त्याखालची खाडी व काही गावे इंग्रजांना द्यायची ठरली. म्हणजे हुकूमही दिला आणि भूमीही दिली.

९/
एप्रिल १७५५ मध्ये कमोडोर जेम्सने सुवर्णदुर्ग घेतला, पाठोपाठ बाणकोट पडला. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन व क्लाइव्ह विजयदुर्गावर आले आणि आंग्र्यांचे आरमार बंदरातच जळून खाक झाले. किल्ल्यात सापडलेली सुमारे १० लाखांची लूट इंग्रजांनी आपसांत वाटून घेतली. विजयदुर्ग पेशव्यांना देण्यासही त्यांनी महिनोन्‌महिने टाळाटाळ केली. ऑक्टोबर १७५६ च्या तहाने तो अखेर मिळाला, आणि बाणकोट कायमचा गेला. हिंमतगडाचे नाव फोर्ट व्हिक्टोरिया झाले.

१०/
पश्चिम भारताच्या मुख्यभूमीवर इंग्रजांना मिळालेली ही अगदी आरंभीची मालकी. ती लढून नव्हे, मदतीची किंमत म्हणून मिळाली. आणि कोठे? पेशव्यांचे कुलदैवत हरिहरेश्वर, त्याच्या समोरच्या तीरावर. ज्या श्रीवर्धनातून बाळाजी विश्वनाथ सिद्दीच्या जाचाने बाहेर पडले, त्या श्रीवर्धनापासून काही कोसांवर. आजोबांना एका परक्या आरमाराने घर सोडायला लावले होते. नातवाने त्याच किनाऱ्यावर दुसऱ्या परक्या आरमाराला जागा करून दिली.

११/
येथे एक आक्षेप रास्त आहे. पुढे विजयदुर्गास धुळपांच्या हाताखाली पेशव्यांचे आरमार होते आणि १७८३ मध्ये आनंदराव धुळपांनी ‘रेंजर’ हे इंग्रजी जहाज पकडलेही. हे खरे आहे. परंतु मुंबई बंदराला ज्याचा धाक वाटे ते आंग्र्यांचे आरमार नाहीसे झाल्यानंतर इंग्रजांना समुद्रावर अडवील अशी शक्ती उरली नाही. १७७४ च्या डिसेंबरात त्यांनी ठाणे व साष्टी घेतली. विजयदुर्गाची राख निवून अठरा वर्षेच झाली होती.

१२/
या साखळीचे शेवटचे टोक १८०२ चे. हडपसरच्या पराभवानंतर दुसरा बाजीराव महाड, सुवर्णदुर्ग असा याच किनाऱ्याने पळाला आणि शेवटी इंग्रजांच्या आश्रयाने वसईस पोहोचला. ३१ डिसेंबरला तह झाला : कंपनीची ६,००० पायदळाची तैनाती फौज, तिच्या खर्चासाठी २६ लाखांचा मुलूख, आणि परराज्यांशी बोलणे कंपनीच्या संमतीने. कागदावर ही सुरक्षेसाठी मदतच होती. सोळा वर्षांनी राखायला राज्यच उरले नाही.

१३/
‘तो काळ साम्राज्यांचा होता, आज देश सार्वभौम आहेत’ असे म्हणून ही उदाहरणे बाजूला सारणारे पुष्कळ आहेत. त्यांनी विसाव्या शतकाकडे पाहावे. अमेरिकेने १९६२ पासून अनेक देशांच्या पोलिसांना प्रशिक्षण व साधने दिली. त्यांतील काही पोलीस दलांनी ती विद्या आपल्याच नागरिकांच्या छळासाठी वापरली. अखेर १९७४ मध्ये अमेरिकी काँग्रेसनेच परदेशी पोलिसांच्या मदतीवर बंदी घातली. १९८३ मध्ये दहशतवादविरोधी प्रशिक्षणाच्या नावाने दार पुन्हा उघडले. अफगाणिस्तानात जर्मनी, युरोपीय संघ व अमेरिका यांनी वीस वर्षे पोलीस दल घडवले. ऑगस्ट २०२१ मध्ये ते काही दिवसांत विरून गेले.

१४/
आणि भारत स्वतः देणारा असतो तेव्हा? मालदीवला भारताने किनारी रडारांची साखळी दिली, अड्डू येथे पोलीस प्रशिक्षण महाविद्यालय बांधून दिले, हेलिकॉप्टरे व डॉर्नियर विमान दिले. विमाने चालवायला भारतीय सैनिक तेथे राहिले. त्या उपस्थितीवर मालदीवची निवडणूक लढवली गेली आणि मे २०२४ पर्यंत भारतीय सैनिकांना परतावे लागले. भारताच्या हेतूवर शंका घेण्याचे कारण नाही. पण यंत्र आपल्या दारी आणि ते चालवणारा परका, ही अवस्था घेणाऱ्याला किती बोचते हे त्यातून दिसते. १६५९ ची कल्याणची खाडी येथे उलट्या बाजूने दिसते.

१५/
आता सर्वांत कटू प्रकरण. जानेवारी व फेब्रुवारी १९९३ मध्ये दिघी व शेखाडी येथे शस्त्रे आणि आरडीएक्स उतरले. शेखाडी हरिहरेश्वरच्याच श्रीवर्धन तालुक्यात येते. दिघीचा माल गोंडघर फाट्यावर पोलिसांनी अडवला होता. लाच ठरली, रोकड कमी पडली, तेव्हा चांदीच्या विटा तारण ठेवून वाहने सोडण्यात आली. सीमाशुल्क खात्याचे अधिकारीही या कटात दोषी ठरले. १२ मार्च १९९३ रोजी मुंबईत २५७ माणसे मेली. येथे कोणते परदेशी रडार उपयोगी पडले असते? माल दिसला होता. अडवलाही होता. अडवणारा हात विकला गेला.

१६/
त्यानंतर नौदल व तटरक्षक दलाचे ‘ऑपरेशन स्वान’ आले, २००५ मध्ये किनारी सुरक्षा योजना आली : पहिल्या टप्प्यात देशभर ७३ किनारी पोलीस ठाणी व २०४ बोटी मंजूर झाल्या. तरी २६ नोव्हेंबर २००८ ला दहा जण समुद्रातून आले आणि १६६ जणांचा बळी गेला. मच्छीमारनगरच्या किनाऱ्यावर त्यांना पहिल्यांदा हटकले ते वस्तीतल्या लोकांनी. कसाबला जिवंत पकडले ते हाती केवळ लाठी असलेल्या तुकाराम ओंबळे यांनी. आणि गस्तीच्या बोटी इंधन, दुरुस्ती व खलाशी यांवाचून पडून राहतात, ही नोंद किनारी राज्यांच्या लेखापरीक्षणांत पुन्हा पुन्हा येतच राहिली.

१७/
परक्या मदतीचा उपयोगही तेव्हाच दिसला आणि मर्यादाही. एफबीआयच्या तज्ज्ञांनी जीपीएस यंत्रांतील नोंदी वाचून मुंबईच्या न्यायालयात साक्ष दिली. ती मदत मोलाची होती. जुलै २०१० मध्ये भारत-अमेरिका दहशतवादविरोधी सहकार्याचा करारही झाला. पण मुंबईची टेहळणी करणारा डेव्हिड हेडली हा अमेरिकी यंत्रणेचाच जुना खबऱ्या निघाला. २०१० च्या कबुलीनाम्यात त्याला भारताच्या हवाली न करण्याचे वचन मिळाले. मुंबईच्या न्यायालयाला २०१६ मध्ये तो पडद्यावर दिसला, पिंजऱ्यात कधीच नाही. मदत देणारा आपला हिशेब आधी मांडतो. त्यात नवल नाही. घेणाऱ्याने आपला हिशेब मांडू नये, हे मात्र नवल आहे.

१८/
म्हणून ‘परदेशी मदत घ्यावी की न घ्यावी’ हा वाद निष्फळ आहे. कोरियाच्या युद्धनौकेने व ओमानने जे जाणले ते कोकणच्या किनारी पोलीस ठाण्यापर्यंत पोहोचवणारी व्यवस्था हवी, आणि ती परकीय सहकार्याविना उभी राहणार नाही. माहिती जरूर घ्यावी. यंत्रही घ्यावे, पण ते उघडून दुरुस्त करणारा माणूस येथला असावा. प्रशिक्षण घ्यावे, पण त्या कराराची कलमे विधिमंडळापुढे व संसदेपुढे यावीत. हुकूम, विद्या आणि हिशेब या तिन्ही बाबतींत उत्तर ‘आपल्याकडे’ असेल तोवरच मदत ही मदत राहते.

१९/
आणि या साऱ्याच्या आधी देशी कामे आहेत, ज्यांना कोणताही परदेशी करार पर्याय नाही. गस्तीच्या बोटीला तेल. किनारी ठाण्याला पोहता येणारे, समुद्र ओळखणारे शिपाई. पहाटे अनोळखी नौका पाहणाऱ्या कोळ्याला आदराने ऐकून घेणारा अंमलदार. फाट्यावर उभ्या असलेल्या हवालदाराला असा पगार व असा धाक, की चांदीच्या विटेकडे त्याने पाहू नये. नानासाहेबांनी आंग्र्यांशी तडजोड करण्यापेक्षा इंग्रजांना बोलावणे सोपे मानले. घरची दुरुस्ती कठीण असते, बाहेरचा मदतनीस तत्पर असतो. बाणकोट त्याच सोपेपणात गेला.

२०/
हरिहरेश्वरला जाणाऱ्याने प्रदक्षिणेनंतर बागमांडल्याच्या जेटीवर थोडा वेळ थांबावे. समोरचा किल्ला फोर्ट व्हिक्टोरिया झाला तेव्हा या तीरावरून एकही तोफ उडाली नव्हती. एका करारावर सही झाली होती, आणि सही करणाऱ्याला वाटत होते की त्याने किनारा सुरक्षित केला.

#इतिहास #कोकण #रायगड #मराठाआरमार