डब्यातल्या फोनचंही वय वाढतं!

परवा बाजारपेठेत एका ओळखीच्याला दुकानदार सांगत होता, "साहेब, मॉडेल गेल्या वर्षीचं आहे, पण सीलपॅक. वापरलेलाच नाही. बॅटरी कोरी करकरीत!" आमच्या माणसाने लगेच पैसे काढले.

वापरला नाही म्हणजे झिजला नाही, हा हिशोब बॅटरीला लागू पडत नाही, मंडळी.

बॅटरी उतरणं वेगळं आणि बसणं वेगळं. उतरलेली चार्ज केली की भरते. बसलेली मात्र 100 टक्के दाखवते, पण तिच्यात मावतंच कमी.

सध्या 6000-7000 एमएएचचे सडपातळ फोन येतायत, त्यातल्या बऱ्याच फोनमध्ये सिलिकॉन-कार्बन बॅटरी असते. ऑनरने 2023 मध्ये चीनमध्ये ती फोनमध्ये आणली, मग इतरांनीही. चार्ज होताना लिथियम ज्या भागात जाऊन बसतं, तो अ‍ॅनोड. एक ग्रॅम ग्रॅफाइटमध्ये सुमारे 372 एमएएच मावतात, तर सिलिकॉनमध्ये साधारण 3600. मोह पडणारच! पण लिथियम शिरलं की सिलिकॉन फुगून तिपटीहून मोठं होतं. म्हणून ते कार्बनमध्ये मिसळून, बेताने वापरतात.

आता तुम्ही म्हणाल, चार्जच केला नाही तर फुगेल कशाला?

बरोबर. पण कारखान्यातून निघतानाच बॅटरी थोडी चार्ज केलेली असते. आतलं द्रव अ‍ॅनोडला लागलं की तिथे खपलीसारखा थर धरतो. ग्रॅफाइटवर ही खपली बऱ्यापैकी पक्की बसते आणि पुढची झीज मंदावते. सिलिकॉनवर ती तितकी पक्की होत नाही. थोडी विरघळते, द्रव पुन्हा आत पोचतं, पुन्हा नवी खपली. प्रत्येक खपलीत थोडं लिथियम कायमचं अडकतं. फोन बंद असो वा डब्यात, हे चालूच. चार्ज जास्त आणि उष्णता जास्त, तर वेग जास्त. आपल्याकडची मे महिन्यातली पत्र्याची गोदामं आठवा!

तंत्रज्ञान वाईट आहे असं मी म्हणत नाही. तक्रार माहितीची आहे. कंपन्या सांगतात, इतक्या वेळा चार्ज केलं तरी 80 टक्के क्षमता राहील. युरोपने जून 2025 पासून फोनसाठी 800 चार्जिंगची अट घातली, तीही वापराचीच. नुसतं पडून राहिल्यावर किती घटतं, हे डब्यावर कुठंय? 25 अंशाला वर्षभरात किती आणि 40 अंशाला किती, हे दोन आकडे छापायला कितीशी जागा लागते? सरकारने ते सक्तीचे करावेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

तोवर आपण काय करायचं? डब्यावर निर्मितीचा महिना-वर्ष असतं, ते वाचूनच पैसे द्या. माल जुना असेल तर भाव पाडून मागा. घरात जास्तीचा फोन ठेवायचा असेल तर निम्मा चार्ज करून, थंड जागी ठेवा.

औषधाच्या पाकिटावरची तारीख बघतो ना आपण? मग वीस-तीस हजारांच्या फोनचीही बघा. पटलं तर पुढे पाठवा.