नाताळचे ताट

पनवेलसारख्या गावी बसून नाताळच्या पक्वान्नांविषयी लिहिण्याचे प्रयोजन काय, असे आमच्या कित्येक वाचकांस वाटेल. प्रयोजन घरचेच आहे. आमच्या शेजारी गेली अनेक वर्षे वसईकडील एक ख्रिस्ती कुटुंब राहते, आणि दर वर्षी पंचवीस डिसेंबरच्या सकाळी त्यांच्या घरून विणलेल्या रुमालाने झाकलेले एक ताट आमच्याकडे येते. आज लिहावयाचे आहे ते या ताटासंबंधी.

ताटात केकचे दोन तुकडे असतात, पण मान नेवऱ्यांचा. नेवरी म्हणजे आपली करंजीच. तेच ओल्या खोबऱ्याचे सारण, तीच मुरड. शेजारी कुलकुले. मैद्याच्या पिठाची सुपारीएवढी गोळी नव्या फणीच्या दातांवर चेपून तिची गुंडाळी करावयाची, तळावयाची आणि साखरेच्या पाकात घोळावयाची. हे काम एकटीने होत नाही. आळीतल्या साऱ्या बायका एका घरी जमतात, मग दुसऱ्या. थेट आपल्याकडील दिवाळीपूर्वीच्या दुपारीप्रमाणे. यात नवल नाही. वसई 1534 मध्ये पोर्तुगीजांकडे गेली व 1739 मध्ये चिमाजीअप्पांनी ती घेतली. मधल्या दोनशे वर्षांत तेथील गावेच्या गावे ख्रिस्ती झाली. त्यांतील सामवेदी ख्रिस्ती तर आपले मूळ सामवेदी ब्राह्मणांत सांगतात आणि आपली बोली आजही घरात बोलतात. प्रार्थना बदलली, परंतु चुलीवरची कढई व तिच्यापुढे बसणारे हात तेच राहिले.

युरोपातील नाताळ म्हटला की भाजलेला टर्की पक्षी व मद्याचे पेले एवढेच आपल्या डोळ्यांपुढे येते. पण जुन्या ख्रिस्ती परंपरेत नाताळपूर्वीचे आठवडे हे व्रताचे, आणि आदला दिवस तर उपासाचा. नाताळचे जेवण हे एका अर्थी पारणे होय. पोलंडात चोवीस तारखेच्या संध्याकाळी पहिली तारका दिसेपर्यंत कोणी पानावर बसत नाही. आमच्या संकष्टी करणाऱ्या भगिनींस हे निराळे समजावून सांगावयास नको! टेबलावरच्या शुभ्र वस्त्राखाली थोडे वाळलेले गवत पसरतात, कारण येशूचा जन्म गोठ्यात झाला. प्रथम एक पातळ पापुद्र्यासारखी पोळी सर्वजण एकमेकांच्या हातून मोडून घेतात व झाले-गेले विसरण्याचे बोलतात. नंतर बारा पदार्थ, आणि त्यांत मांस मुळीच नाही. मासे मात्र चालतात. यावर ‘एकादशी नि दुप्पट खाशी’ असे कोणी म्हणेल तर आपण साबुदाणा व शिंगाड्याचे थालीपीठ आठवून गप्प बसावे हे बरे.

जर्मनीतील ड्रेस्डेनची गोष्ट याहून मौजेची. तेथील नाताळची लांबट पोळी, स्टोलन, ही पूर्वी केवळ पीठ, पाणी व तेल यांची होत असे. उपासाच्या दिवसांत लोणी वर्ज्य होते. राज्यकर्त्यांनी रोमकडे अर्ज केले, आणि 1491 मध्ये पोप आठवे इनोसंट यांनी लोणी घालण्यास अनुज्ञा दिली. आज स्टोलन लोण्याने व बेदाण्यांनी जड झालेले असते. इंग्रजांच्या प्लम पुडिंगात प्लम नावालाही नसतो. जुन्या इंग्रजीत बेदाण्यासही तोच शब्द होता. ते कित्येक आठवडे अगोदर करून मुरत ठेवतात, आणि घोटताना घरातील प्रत्येकाने एकदा कालथा फिरवून मनात काही इच्छा धरावयाची असते. त्यात गाईच्या चरबीचा उपयोग होतो हे मात्र वाचकांनी ध्यानात ठेवावे. डेन्मार्कात भाताच्या खिरीत एकच अखंड बदाम टाकतात. ज्याच्या पानात तो येईल त्यास बक्षीस. तो लबाड गडी बदाम गालात धरून बसतो, म्हणजे इतरांनी आशेने सारी खीर संपवावी!

पोर्तुगालात नाताळच्या पूर्वरात्रीच्या जेवणास ‘कोंसोआदा’ म्हणतात. खारवलेला मासा, बटाटे, कोबी असा बेत. कित्येक घरी जेवण झाल्यावरही पाने रात्रभर तशीच मांडून ठेवण्याची चाल होती. घरातील गेलेली माणसे येऊन जेवून जातील म्हणून. पोलंडातही एक पान जास्त मांडतात. अवचित येणाऱ्या पाहुण्याकरिता, आणि कित्येकांच्या मनी नसलेल्या माणसाकरिता. हाच पोर्तुगीज शब्द गोव्यात आला तेव्हा त्याचा अर्थ सरकला: शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे, हिंदूंकडेही, धाडावयाचे नाताळचे ताट.

धाडलेले ताट आपण घेत आलो का? 1890 मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये रानडे, टिळक प्रभृती मंडळींपुढे चहा-बिस्किटे आली. गोपाळराव जोशी यांनी ती हकीकत नावांनिशी प्रसिद्ध करविली, आणि ग्रामण्य माजून प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. रानडे व टिळक दोघांसही प्रायश्चित्ताचा मार्ग धरावा लागला. विहिरीत पावाचा तुकडा टाकून गाव बाटविल्याच्या कथा कोकणात घरोघर सांगत. आमच्या पनवेलात बेने इस्रायलांचे बेथ एल सिनेगॉग 1849 पासून उभे आहे, त्यांची घरे व आमची घरे एका गल्लीत नांदली. पण त्यांच्या मलिद्याचे पोहे आमच्या वडिलांनी कधी तोंडात घातल्याचे आम्हांस स्मरत नाही.

आमच्या मातोश्रीही याच वळणाच्या. नाताळचे ताट त्या हसतमुखाने घेत, रिकामे ताट परत करू नये म्हणून त्यात साखर घालून देत, आणि नेवऱ्या संध्याकाळी कामाच्या बाईच्या पदरात बांधीत. आम्ही ते पाहत होतो, आणि शेजारीणबाईंस हे कळत नाही अशी आमची समजूत होती.

यंदा भाद्रपदात मातोश्री निवर्तल्या. वर्षभर सण नाही. दिवाळीस आमच्या घरी कढई चढली नाही. पंचवीस तारखेस शेजारीणबाई ताट घेऊन आल्या त्या नेहमीप्रमाणे दारातून वळल्या नाहीत, आत आल्या.

“वहिनी, केकमध्ये अंडे आहे, तो आणला नाही. नेवऱ्या खा तुम्ही. घरात गोड काही झालं नसेल.”

घरातून रुमाल काढून पाहिला. नेवऱ्यांच्या कडेला कागदाची एक लहानशी पुडी होती. आत बेदाणे व चार काजू. दर वर्षी अशी पुडी असे, आणि ती तेवढी मातोश्री ठेवून घेत, हे आम्हांस त्या क्षणी आठवले. बाईंच्याही ध्यानात आले.

“आजी तळलेलं घ्यायच्या नाहीत ना आमच्याकडचं,” त्या ओशाळून म्हणाल्या, “म्हणून त्यांचं वेगळं बांधत होते. सवयीनं बांधलं गेलं.”

आम्ही एक नेवरी तेथेच, त्यांच्यादेखत मोडली. पुडी मातोश्रींच्या तसबिरीपुढे ठेवली. ताट परत गेले तेव्हा आमच्या घरातून त्यात साखर घातली होती.