परीक्षकांची परीक्षा

मुंबईत पेडर रस्त्यावर फिल्म्स डिव्हिजनचे जुने संकुल आहे. जून २०२४मध्ये तेथे अठरावा मुंबई आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरला होता. माहितीपट, लघुपट आणि ॲनिमेशनपट यांना वाहिलेला हा महोत्सव १९९०मध्ये सुरू झाला. तेथील सर्वोत्तम माहितीपटाला सुवर्णशंख दिला जातो. २०२४चा सुवर्णशंख निष्ठा जैन यांच्या ‘द गोल्डन थ्रेड’ या माहितीपटाला मिळाला. बंगालमधील ताग गिरण्या आणि तेथे राबणारे हात हा त्याचा विषय. विजेत्यांची नावे वृत्तपत्रांत छापून येतात, छायाचित्रे झळकतात. ज्यांनी हा कौल दिला, त्या परीक्षकांची नावे मात्र सामान्य वाचकाच्या लक्षात राहत नाहीत. २०२४च्या आंतरराष्ट्रीय परीक्षक मंडळात लिथुआनियाचे माहितीपटकार ऑड्रियस स्टोनिस होते, फ्रान्सचे बार्थेलेमी फुजेआ होते, आपले भरतबाला होते. शंख वाजतो तेव्हा सर्वांना ऐकू येतो. तो कोणाच्या हाती द्यायचा, हे ठरवणारी माणसे काळोखात बसलेली असतात. त्या काळोखातील कामाविषयी आज थोडे बोलले पाहिजे.

कारण हे काम दिसते तितके सोपे नाही आणि निरुपद्रवी तर मुळीच नाही. एक गोष्ट आधीच स्पष्ट व्हायला हवी. महोत्सवात दोन चाळण्या असतात. पहिली चाळणी निवड समितीची. शेकडो, कधी हजाराहून अधिक प्रवेशिका येतात. त्यांतून स्पर्धेत काय दाखवायचे, हे ही समिती ठरवते. दुसरी चाळणी परीक्षक मंडळाची. निवड समितीने जे पुढे ठेवले, त्यातूनच त्यांना श्रेष्ठ काय ते सांगायचे असते. जे पहिल्या चाळणीतच गळाले, ते परीक्षकांच्या डोळ्यांसमोर येतच नाही. म्हणून ‘अमुक चित्रपटाला पुरस्कार का नाही’ असा प्रश्न जेव्हा विचारला जातो, तेव्हा तो कोणत्या दारावर विचारायचा, हे विचारणाऱ्याला ठाऊक असले पाहिजे.

कथापटाचा परीक्षक आणि माहितीपटाचा परीक्षक यांच्या कामात एक मूलभूत फरक आहे. कथापटातील कथा कल्पित आहे, हे सर्वांना मान्य असते. माहितीपट मात्र ‘हे असे घडले’ अशी साक्ष देत असतो. त्यामुळे त्याच्या परीक्षकाला मांडणीचे गुण देताना साक्षीचाही विचार करावा लागतो. येथेच खरी अडचण सुरू होते. रॉबर्ट फ्लाहर्टी यांचा ‘नानूक ऑफ द नॉर्थ’ हा १९२२चा चित्रपट माहितीपटांचा आद्य आदर्श मानला जातो. परंतु ज्या काळात तेथील इन्युइट शिकारी बंदूक वापरू लागले होते, त्या काळात फ्लाहर्टी यांनी त्यांना जुन्या भाल्याने शिकार करायला लावली. आतील चित्रीकरणाला उजेड मिळावा म्हणून बर्फाचे अर्धेच घर उभारले. पडद्यावरचे कुटुंबही खरे कुटुंब नव्हते. मग हा चित्रपट खरा म्हणावा की खोटा? हरवत चाललेल्या जीवनपद्धतीची ती आदरपूर्वक केलेली नोंद होती, असे एक परीक्षक म्हणेल. ती फसवणूक होती, असे दुसरा म्हणेल. दोघेही प्रामाणिक असू शकतात.

याहून कठीण उदाहरण आहे लेनी रिफेनश्टाल यांचे. न्युरेंबर्ग येथील १९३४च्या नाझी मेळाव्यावरील त्यांच्या ‘ट्रायम्फ ऑफ द विल’ला १९३५मध्ये व्हेनिस महोत्सवात आणि १९३७मध्ये पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात गौरवण्यात आले. चित्रणाचे कौशल्य असामान्य होते, यात वाद नाही. परंतु ते कौशल्य कोणाच्या सेवेत उभे होते, हे जगाला पुढे भयंकर किंमत मोजून कळले. परीक्षकांनी चौकट पाहिली, प्रकाश पाहिला, संकलन पाहिले. पडद्यामागचे पाहिले नाही.

पुढची घटना अधिक बोलकी आहे. १९३८च्या व्हेनिस महोत्सवात सर्वोच्च सन्मान होता मुसोलिनी करंडक. तो रिफेनश्टाल यांच्याच बर्लिन ऑलिंपिकवरील ‘ऑलिंपिया’ला आणि मुसोलिनीपुत्र व्हित्तोरियो यांच्या देखरेखीखाली बनलेल्या एका इटालियन चित्रपटाला विभागून दिला गेला. निर्णयामागे राज्यकर्त्यांचा हात होता, हे लपून राहिले नाही. अमेरिकी आणि ब्रिटिश परीक्षकांनी निषेध म्हणून अंग काढून घेतले. फ्रान्सने स्वतःचा मुक्त महोत्सव भरवण्याचे ठरवले. १९३९मध्ये महायुद्धामुळे तो होऊ शकला नाही, १९४६मध्ये झाला. तोच आजचा कान महोत्सव. करंडक हातात आला, पण त्या करंडकाची किंमत गेली, एवढेच व्हेनिसच्या यजमानांनी साधले. सत्तेच्या दडपणाखाली मिळालेला पुरस्कार घेणाऱ्याला मोठा करत नाही, देणाऱ्याला मात्र लहान करतो.

हा धडा आपल्या देशातही आठवण्याजोगा आहे. २००४च्या मुंबई महोत्सवासाठी भारतीय माहितीपटांना सेन्सॉर प्रमाणपत्राची अट घालण्यात आली. परदेशी चित्रपटांना ती नव्हती. माहितीपटकारांनी एकजुटीने विरोध केल्यावर अट मागे घेतली गेली. परंतु त्यानंतर निवडीत अनेक चित्रपट वगळले गेले. गुजरातमधील २००२च्या घटनांवरील राकेश शर्मा यांचा ‘फायनल सोल्युशन’ त्यांतील एक. वगळलेल्यांनी महोत्सवाच्याच काळात मुंबईत ‘विकल्प’ नावाने समांतर महोत्सव भरवला. त्या वेळी आपल्यातील अनेकांना समाधान वाटले होते. एकांगी चित्रपटाला सरकारी मंच कशाला, हा त्यांचा प्रश्न होता. आज वीस वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर शांतपणे हिशेब मांडला, तर काय दिसते? परीक्षकांसमोर येऊन ज्याची साक्ष तपासली गेली असती, जो कदाचित साधकबाधक चर्चेत टिकला असता वा नसता, त्याला दार बंद केल्यामुळे नाकारलेपणाचे वलय लाभले. त्यातील एकांगीपणा दाखवून देण्याची संधी मात्र दवडली गेली. न्यायालयात ज्याची उलटतपासणी करता आली असती, त्या साक्षीदाराला आपणच दाराबाहेर उभे केले.

परीक्षकालाही मर्यादा असते, हे सांगणारा दुसरा प्रसंग गोव्यातला. तो माहितीपटांचा महोत्सव नव्हता, पण प्रश्न तोच होता. २८ नोव्हेंबर २०२२ रोजी भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या समारोपात परीक्षक मंडळाचे अध्यक्ष, इस्रायली दिग्दर्शक नादाव लापिद यांनी व्यासपीठावरून ‘द काश्मीर फाइल्स’चा प्रचारपट म्हणून उपहास केला. काश्मिरी हिंदूंच्या विस्थापनाची जखम अजून ओली असताना हे शब्द अनेकांच्या जिव्हारी लागले. इस्रायलच्या राजदूतांनी लापिद यांना जाहीरपणे फटकारले. मंडळातील भारतीय सदस्य सुदीप्तो सेन यांनी हे लापिद यांचे व्यक्तिगत मत असल्याचे स्पष्ट केले. उर्वरित तिघांनी मात्र नंतर लापिद यांची बाजू घेतली.

भावना दुखावल्याचा मुद्दा क्षणभर बाजूला ठेवू. केवळ परीक्षकाच्या धर्माचा विचार केला, तरी लापिद चुकले. परीक्षकाचे काम श्रेष्ठ काय ते सांगण्याचे. जे पसंत पडले नाही, त्याला पुरस्कार न देणे हेच त्याचे मत. ज्या व्यासपीठावर चित्रपटकर्त्याला उत्तर देण्याची सोय नाही, तेथून एकाच चित्रपटाचे नाव घेऊन त्याला हिणवणे हा न्याय नव्हे. त्यांना जे म्हणायचे होते, ते लेखात म्हणता आले असते, चर्चेत म्हणता आले असते. परंतु याची दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. लापिद स्वतःहून आले नव्हते, यजमानांनी त्यांना बोलावले होते. तो चित्रपट स्पर्धेतही यजमानांनीच ठेवला होता. परीक्षक नेमला की त्याचा कौल, कधी त्याचा अतिरेकही, सोसण्याची तयारी ठेवावी लागते. शब्दाला उत्तर शब्दाने द्यावे. पोलिसांत तक्रार करून कोणाचेही कलाविषयक मत बदलल्याचे उदाहरण नाही.

मग चांगला परीक्षक कोणाला म्हणावे? आमच्या मते काही साध्या कसोट्या आहेत. त्याने प्रत्येक चित्रपट पहिल्या क्षणापासून अखेरच्या श्रेयनामावलीपर्यंत पाहावा. ज्या निर्मात्याशी त्याचे व्यावसायिक वा स्नेहाचे नाते असेल, त्याच्या चित्रपटाच्या वेळी त्याने स्वतः होऊन बाजूला बसावे. पडद्यावरची साक्ष कोणाची आहे, कोणाची वगळली आहे, छायाचित्रण कोठे संपते आणि नाट्यीकरण कोठे सुरू होते, हे त्याने विचारावे. चित्रपटाचा पक्ष त्याला मान्य आहे की नाही, हा प्रश्न त्याने सर्वांत शेवटी, आणि तोही स्वतःच्या मनापुरताच, विचारावा. महोत्सवांकडूनही एक अपेक्षा आहे. निकालाबरोबर दोन ओळींचे गौरववाक्य वाचून न थांबता, निर्णयाची कारणे सविस्तर लिहून प्रसिद्ध करावीत, मतभेद असल्यास तोही नोंदवावा. कारणे दिली की संशयाला जागा उरत नाही.

या कसोट्या दुसऱ्यांना लावणे सोपे आहे. स्वतःला लावून पाहू. आणीबाणीत ज्यांनी कारावास भोगला, त्यांची पिढी आपल्या घराघरांत आहे. त्या काळातील राजबंद्यांवर १९७८मध्ये ‘प्रिझनर्स ऑफ कॉन्शन्स’ हा माहितीपट काढला तो आनंद पटवर्धन यांनी. त्यांच्या नंतरच्या चित्रपटांशी, विशेषतः अयोध्येवरील चित्रपटाशी, आमचे तीव्र मतभेद आहेत आणि ते राहतील. पण उद्या आपल्यापैकी कोणी परीक्षकाच्या खुर्चीत बसला आणि समोर त्यांचाच माहितीपट आला, तर तो अखेरपर्यंत पाहण्याचा आणि त्यातील गुण गुण म्हणून नोंदवण्याचा संयम आपल्यात आहे का? नसेल, तर परीक्षक मंडळे एकांगी असल्याची आपली तक्रार अर्धीच खरी ठरेल.

आणखी जवळचे उदाहरण घेऊ. गणेशोत्सवात, शाळेच्या स्नेहसंमेलनात, महाविद्यालयातील लघुपट स्पर्धेत आपण परीक्षक कसा निवडतो? बहुतेक वेळा शाल-श्रीफळ द्यायचे असलेला देणगीदार, नाही तर विभागातील प्रतिष्ठित व्यक्ती. विषयाची जाण किती, हा प्रश्न कोणी विचारत नाही. मुलांनी महिनाभर जागून केलेले काम पाहुणे मोबाइलकडे पाहत पाहतात आणि आयोजकाच्या कानात विचारून निकाल देतात. मुलाला त्याच दिवशी कळते की गुणाला किंमत नाही. मोठ्या महोत्सवातील अन्यायाची बीजे अशी आपल्याच मंडपात पेरली जातात.

आपल्या विचाराचे माहितीपट पुरस्कारांत दिसत नाहीत, ही खंत कार्यकर्त्यांच्या बैठकीत नेहमी ऐकू येते. तिच्यात तथ्य नाही असे नाही. पण विषय थोर असला की चित्रपट आपोआप थोर होतो, या भ्रमातून बाहेर यायला हवे. जुन्या छायाचित्रांवर गंभीर आवाजातले निवेदन आणि मागे बासरी, एवढ्याने माहितीपट होत नाही. १८९९मध्ये मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये रंगलेली कुस्ती सावेदादांनी, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर यांनी, कॅमेऱ्यात टिपली. १९०१मध्ये केंब्रिजहून परतलेल्या रँग्लर परांजपे यांच्या आगमनाचे चित्रण केले. भारतीय माहितीपटाचा प्रारंभ अशा एका मराठी माणसाने केला आहे. त्याच्यासमोर परीक्षक नव्हता, पुरस्कारही नव्हता. समोर जे घडत होते, ते नीट पाहण्याची ओढ होती. ती ओढ आपल्या तरुणांत जागवली पाहिजे. त्यांना कॅमेरा दिला पाहिजे, तंत्र शिकवले पाहिजे, चित्रपट मंडळांत पाठवले पाहिजे आणि न पटणारे चित्रपटही पाहायला बसवले पाहिजे. यातूनच निर्माते घडतील आणि यातूनच परीक्षकही.

महाराष्ट्राला परीक्षकाचा आदर्श बाहेरून आणण्याची गरज नाही. ज्या पेशवाईची चाकरी केली, त्याच पेशवाईतील रघुनाथरावांना नारायणरावांच्या वधाबद्दल देहान्त प्रायश्चित्त सांगणारे रामशास्त्री प्रभुणे आपल्या मातीतले. शास्त्रीबुवांनी समोर कोण आहे हे पाहिले नाही, काय घडले ते पाहिले. सुवर्णशंख कोणाला मिळाला, याहून तो देणाऱ्यांत असा बाणा होता का, हे आपण विचारायला शिकलो आणि हाच प्रश्न आधी स्वतःला विचारला, तर काळोखात बसलेल्या परीक्षकांवर आपोआप उजेड पडेल.