छत्रपती म्हटल्यावर आठवलेला केळकर

२०१९ च्या अखेरीस 'तान्हाजी' चित्रपटाच्या प्रसिद्धीच्या एका कार्यक्रमात कुणा पत्रकाराने प्रश्न विचारताना नुसते 'शिवाजी' म्हटले. व्यासपीठावरच्या शरद केळकरने त्याला तिथेच थांबवून 'छत्रपती शिवाजी महाराज' अशी दुरुस्ती केली. टाळ्या पडल्या. ती चित्रफीत मोबाईलवरून घरोघर फिरली आणि आपल्या समाजाला एकदम शोध लागला की हा शरद केळकर मराठी आहे, आणि नुसता मराठी नव्हे तर 'खरा' मराठी आहे!

दुरुस्ती योग्यच होती, त्याबद्दल माझा काही वाद नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. त्या दिवसाच्या आदल्या दिवशी हा माणूस आपला कोण होता? तेव्हा त्याला पडद्यावर काम करून पंधरा वर्षे झाली होती. त्या पंधरा वर्षांवर मराठीत गंभीरपणे लिहिलेला एखादा लेख कुणी वाचला असेल तर मला जरूर दाखवावा. मी सरकारी कारकून माणूस. आमच्याकडे माणसाची नोकरी सर्व्हिस बुकात नोंदलेली असते, रुजू झाल्या दिवसापासून. साहेबाने एके दिवशी पाठ थोपटली म्हणून आधीची पाने कोरी ठेवायची, असा नियम कुठेच नाही. नटांच्या बाबतीत मात्र आपण हेच करतो.

तेव्हा ही आधीची पाने आपणच भरू या. शरद केळकरचा जन्म १९७६ चा, ग्वाल्हेरचा. शिक्षण शारीरिक शिक्षणाचे, पुढे एमबीए. लहानपणापासून बोलताना अडखळायचा, हे त्याने स्वतः मुलाखतींतून सांगितले आहे. २००४ मध्ये दूरदर्शनच्या 'आक्रोश'मधून तो पडद्यावर आला. २००५ ला 'झी टीव्ही'वर 'सात फेरे' सुरू झाली. सावळ्या रंगामुळे नाकारल्या जाणाऱ्या मुलीची ती गोष्ट. सलोनी झाली होती आपली राजश्री ठाकूर आणि तिचा नाहर सिंग हा केळकर. २००९ पर्यंत ही मालिका चालली. म्हणजे उत्तर हिंदुस्थानातल्या घराघरांत रोज रात्री जे राजस्थानी जोडपे पाहिले जात होते ते दोघेही मराठी होते, आणि आपल्याला त्याचा पत्ता नव्हता! पुढे 'बैरी पिया'मधला खलनायक ठाकूर, 'कुछ तो लोग कहेंगे'मधला डॉ. आशुतोष, २०१४ ला 'लय भारी'तला संग्राम, २०१८ ला मराठी 'राक्षस'. 'फॅमिली मॅन'मधला अरविंद तर लोणावळ्यात नक्की काय झाले या एका प्रश्नामुळे पोराटोरांनाही पाठ आहे.

आणि 'बाहुबली'. २०१५ आणि २०१७ चे दोन्ही भाग हिंदीतून पाहणाऱ्या कोट्यवधी लोकांनी देह प्रभासचा पाहिला, आवाज ऐकला तो केळकरचा. आवाज देणे याला आपल्याकडे अभिनय मानत नाहीत, किरकोळ जोडधंदा मानतात. जरा विचार करा. दुसऱ्या नटाने दुसऱ्या भाषेत घेतलेला श्वास, त्याच्या ओठांची उघडझाप, त्याने घेतलेला विराम, हे सगळे तसेच ठेवायचे आणि त्याच्यात आपली वाक्ये अशी बसवायची की प्रेक्षकाला सांधा दिसू नये. इथे हात नाहीत, डोळे नाहीत, वेशभूषा नाही. आहे तो फक्त गळा. आणि हे कुणी केले? ज्याची जीभ शब्दाशब्दाला अडत होती त्याने! एखाद्या लंगड्या मुलाने पुढे मॅरॅथॉन जिंकली असती तर आपण त्याचा धडा शाळेच्या पुस्तकात घातला असता.

आता ग्वाल्हेरविषयी. माझी एक मावशी ग्वाल्हेरला थाटीपूरला दिलेली. मुरारच्या बाजूचा, सरकारी क्वार्टरांचा हा भाग. मावशीच्या यजमानांचे पूर्वज शिंद्यांच्या लष्कराबरोबर तिकडे गेलेले. दोनशे वर्षे झाली तरी घरात गणपती बसतो, पुरणपोळी होते आणि भांडण मराठीतच होते. तिचा नातू, म्हणजे माझा पुतण्या, नाटकवेडा. पुण्यातल्या एका नाट्यशिबिरात (नाव सांगत नाही, त्याने काही फरक पडत नाही) तो मोठ्या हौसेने गेला. पहिल्याच दिवशी त्याचे वाचन ऐकून, 'तुझ्या मराठीला हिंदीचा वास येतो, तू पडद्यामागे काम कर' असे त्याला सांगण्यात आले. परत आल्यावर थाटीपूरच्या गच्चीवर तो मला म्हणाला, "काका, मी हिंदी बोललो की इथले म्हणतात हा मराठी आहे, आणि मराठी बोललो की तिथले म्हणतात हा हिंदीवाला आहे. मग मी बोलूच नको का?" आता तो हिंदी नाटके करतो. चांगली करतो. मराठी रंगभूमीचा एक नट कमी झाला आणि शिबिरवाल्यांना त्याची खबरही नाही.

यावर ठरलेले उत्तर मला माहीत आहे. रंगभूमीवर वाणी शुद्धच हवी! मान्य. हजार वेळा मान्य. पण वाणी हे शिकायचे तंत्र आहे. सदाशिव पेठेत जन्मताना नाळेबरोबर ती मिळत नाही. मुलाला 'च' आणि 'ज' चे उच्चार येत नसतील तर ते शिकवण्यासाठीच शिबिर असते ना? नाही तर फी कशाची घेता? पॅट्रिक स्ट्युअर्ट हा इंग्रज नट यॉर्कशायरमधल्या मिरफील्डचा, कामगाराच्या घरातला. घरची बोली लंडनच्या नाटकवाल्यांच्या भाषेपासून कोसभर लांब. त्याला शाळेतल्या शिक्षकाने नाटकाकडे वळवले, पुढे नाट्यशाळेत त्याची भाषा घडवली, आणि १९६६ मध्ये तो रॉयल शेक्सपिअर कंपनीत गेला. 'तू यॉर्कशायरचा, तू पडदा ओढ' असे म्हणून त्याला कुणी विंगेत बसवले नाही.

याच स्ट्युअर्टने १९८७ पासून सात वर्षे 'स्टार ट्रेक' ही दूरदर्शन मालिका केली. अंतराळयानाचा कप्तान! त्यानंतर तो पुन्हा रंगमंचावर गेला, २००७ मध्ये मॅकबेथ झाला आणि २०१० मध्ये त्याला 'सर' हा किताब मिळाला. मालिका केली म्हणून तो बाटला, असे इंग्रजांना वाटले नाही. आमच्याकडे मात्र 'सिरियलवाला' ही शिवी आहे. आम्ही सोयीस्करपणे विसरतो की दिलीप प्रभावळकर घराघरांत पोचले ते मुंबई दूरदर्शनवरच्या चिमणरावामुळे, आणि त्यांच्या नाटकांची उंची त्याने तसूभरही कमी झाली नाही. मालिकांत कचरा खूप असतो हे खरे. नाटकांत नसतो काय? कचऱ्यातही रोज वेळेवर उभे राहून, हातात ऐनवेळी आलेली पाने पाठ करून, काही तरी खरे करून दाखवणाऱ्या नटाला मी जास्त मान देईन.

ग्वाल्हेर आणि गोवा या दोन्ही टोकांना मराठीने घेतले किती आणि दिले किती, याचाही एकदा हिशेब व्हायला हवा. महाराष्ट्रात आज जो ख्याल गायला जातो त्याचा मोठा प्रवाह बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ग्वाल्हेरहून आणला. वासुदेवबुवा जोशांकडे ते तिकडे शिकले आणि मग विष्णू दिगंबरांसारखे शिष्य त्यांनी घडवले. भास्करराव तांबे जन्मले मुंगावलीला, राजकवी झाले ग्वाल्हेरचे, आणि त्यांची गाणी आपण गुणगुणतो पुण्यामुंबईला. दीनानाथ मंगेशकर आमच्या मंगेशीचे, ज्योत्स्ना भोळे आमच्या बांदिवड्याच्या. १९३३ साली 'आंधळ्यांची शाळा' या नाटकात ज्योत्स्नाबाई उभ्या राहिल्या तेव्हा 'हिचा हेल गोव्याचा आहे' म्हणून नाट्यमन्वंतरने त्यांना परत पाठवले असते तर नुकसान कुणाचे झाले असते? गजानन माधव मुक्तिबोध आणि शरच्चंद्र मुक्तिबोध हे तर सख्खे भाऊ. थोरला हिंदीचा मोठा कवी झाला, धाकटा मराठीचा. ग्वाल्हेर संस्थानातल्या मराठी घराचा उंबरठा असा दोन भाषांवर असतो. त्यातला कुठला पाय पुढे पडेल हे पुष्कळदा आपण त्या माणसाला घरात कसे घेतो यावर ठरते.

आणि आपण गोवेकर तरी कुठे धुतल्या तांदळासारखे आहोत! सत्तरीतला किंवा काणकोणातला मुलगा स्पर्धेच्या नाटकात मराठी वाक्य कोकणी हेलात बोलला की पणजी-फोंड्याचे रसिक पहिल्या रांगेत बसून खुदुखुदू हसतात. पुणेकर आपल्याला हसतो, आपण सत्तरीला हसतो. ही उतरंड कुठे तरी मोडायला हवी.

माझा मुख्य आक्षेप असा आहे की आपल्याला नटाच्या कसबाचा अभिमान नसून त्याच्या भूमिकेचा आहे. जिरेटोप घातला की तो आपला, उतरवला की परका. २०२० च्या जानेवारीत 'तान्हाजी' आला आणि केळकर घराघरांत पूज्य झाला. त्याच वर्षी 'लक्ष्मी' चित्रपटात त्याने तृतीयपंथी स्त्रीची भूमिका केली. अवघी काही मिनिटे, पण आख्ख्या चित्रपटात लक्षात राहणारी. त्यावेळी 'आमचा केळकर' म्हणत चित्रफिती फिरवणारे कुठे होते? नट म्हणून त्यातच जास्त जोखीम होती. नंतर २०२२ ला 'हर हर महादेव'मध्ये तो बाजीप्रभू झाला आणि मंडळी पुन्हा जागी झाली!

२०२५ मध्ये केळकर पुन्हा हिंदी मालिकेत आला, 'झी टीव्ही'च्या 'तुम से तुम तक'मध्ये. ही मालिका म्हणजे मराठी 'तुला पाहते रे'चा हिंदी अवतार. मूळ गोष्ट मराठी, नट ग्वाल्हेरचा मराठी, भाषा मात्र हिंदी. मराठी माणसाने मराठी भूमिका हिंदीत करावी आणि मराठीत त्याची चर्चाही होऊ नये, याची आपल्याला खंत वाटत नसेल तर बृहन्महाराष्ट्राची अधिवेशने भरवणे बंद करावे. जेवणाचा खर्च तरी वाचेल.

मागणे फार मोठे नाही. शिबिरे घेणाऱ्यांनी बाहेरगावच्या पोरांचे उच्चार ऐकून त्यांना विंगेत पाठवण्याऐवजी ते उच्चार शिकवावेत. स्पर्धेच्या परीक्षकांनी हेलाला नापास करताना तो पात्राचा आहे की नटाचा, एवढे तरी बघावे. आणि लेखणी हाती असलेल्यांनी नटाच्या कामावर काम चालू असताना लिहावे, जयजयकाराची वाट बघत बसू नये. थाटीपूरच्या क्वार्टरांत, इंदूरच्या वाड्यांत, बडोद्यात, वाळपईत आजही कुणी तरी पोर आरशासमोर मराठी वाक्य घोकत असेल. ते अडखळत असेल. त्याला हसायचे की शिकवायचे, एवढेच आपल्या हातात आहे. हसलात तर ते हिंदीत जाईल आणि तिथे मोठे होईल. मग वीस वर्षांनी त्याने जिरेटोप घातल्यावर 'आमचा' म्हणून टाळ्या वाजवायला मात्र येऊ नका.